दोन कोटी नव्वद लाख पॅनल आणि रातची पाळी

वैशाखातला एक निरभ्र दिवस घ्या. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. अशा दिवशी आपल्याकडे दर चौरस मीटर जमिनीवर साधारण साडेसहा युनिट ऊर्जा उन्हाच्या रूपाने उतरते. गुणाकार केला की सुमारे दोन लाख कोटी युनिट होतात. भारतात कोळसा, पाणी, वारा, अणू, सूर्य असे सगळे मिळून आख्ख्या वर्षात जी वीज तयार होते, ती १.८ लाख कोटी युनिटच्या आसपास भरते. म्हणजे देशाच्या वर्षभराच्या विजेपेक्षा जास्त ऊर्जा एकट्या महाराष्ट्रावर एका दिवसात पडते आणि रात्रीतून कातळातून, डांबरातून, घरांच्या पत्र्यांतून परत आभाळात निघून जाते.

हे ऊन फुकट असले तरी ते पकडणे फुकट नाही. पकडायला लागतात काच, सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम, तांब्याची तार, लोखंडाचे खांब आणि जमीन. शिवाय ते पकडून नेमके कुणाला द्यायचे, हेही ठरवावे लागते. महाराष्ट्रात महावितरणने यासाठी जे काम हाती घेतले आहे, त्याचे आकडे मांडावेत म्हणून हा लेख. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना या नावाने ते २०१७ मध्ये सुरू झाले. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी इथे पहिले प्रयोग झाले. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली आणि मग उद्दिष्ट वाढत वाढत १६,००० मेगावॅटवर गेले. हेतू एकच, शेतीपंपांना दिवसा वीज देणे.

१६,००० मेगावॅट हा आकडा बातम्यांत इतक्या सहज येतो की वाचताना डोळा त्यावर थांबतच नाही. थांबायला हवे. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट. कोयना म्हणजे सह्याद्रीच्या पोटात कोरलेली वीजगृहे, शिवसागर जलाशय, अनेक वर्षे टप्प्याटप्प्याने चाललेले काम, धरणाखाली गेलेली गावे. ही योजना म्हणजे क्षमतेने आठ कोयना. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचे. तशी पाच केंद्रे उभी केली तरी चौदाशे मेगावॅट कमीच पडतील. सौरऊर्जेतलेच उदाहरण घ्यायचे तर धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीने २०१३ मध्ये १२५ मेगावॅटचा प्रकल्प उभारला. तेव्हा तो देशातल्या मोठ्या सौर प्रकल्पांत गणला जायचा. आता तसे १२८ हवेत.

क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यांत मात्र फरक करायला हवा. कोळशाचा संच रात्रीही चालतो, पॅनल चालत नाही. रात्र, ढग, सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन हे सगळे धरले तर आपल्याकडचा सौर प्रकल्प वर्षभरात पूर्ण क्षमतेच्या १९ टक्क्यांच्या आसपास वीज देतो. त्या हिशेबाने १६,००० मेगावॅटमधून वर्षाला सुमारे २,६६० कोटी युनिट मिळतील, दिवसाला सरासरी ७ कोटी ३० लाख. कोळशापासून एक युनिट करायला साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे तेवढ्याच विजेसाठी वर्षाला १ कोटी ८६ लाख टन कोळसा लागला असता. एका मालगाडीत, रेल्वेच्या भाषेत एका रेकमध्ये, चार हजार टनांच्या आतबाहेर कोळसा मावतो. रोज बारा ते तेरा रेक, तेही दिवाळी-दसरा न पाळता वर्षभर.

आता एका पॅनलजवळ जाऊया, कारण मोठ्या आकड्यांचा अर्थ तिथेच उलगडतो.

सध्या असल्या प्रकल्पांत बसणारे एक पॅनल ५५० वॅटच्या आसपासचे असते. उंची सव्वादोन मीटरच्या थोडी वर, रुंदी सव्वा मीटरच्या थोडी आत, वजन २८ किलो. दोन माणसे ते दोन बाजूंनी धरून चढवतात. एकट्याने उचलले तर काच पिळवटते आणि आतल्या सिलिकॉनला डोळ्यांना न दिसणारी चीर जाते. काचेखाली सिलिकॉनच्या चकत्या असतात, अर्ध्या कापलेल्या, १४४. प्रत्येक चकती केसाच्या दुप्पट जाडीची. त्यावर चांदीच्या इतक्या बारीक रेघा छापलेल्या असतात की हातभर अंतरावरून त्या नुसत्या करड्या छटेसारख्या दिसतात. भर दुपारी या एका पॅनलवर दर सेकंदाला जे प्रकाशकण आदळतात त्यांची संख्या ढोबळमानाने एकावर बावीस शून्ये एवढी आहे. एका सेकंदाचे कण, सेकंदाला एक कोटी या वेगाने कुणी मोजायला बसले, तर तीन कोटी वर्षे लागतील. त्यांच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा वीज होऊन तारेत जातो. बाकीच्या ऊर्जेने पॅनल तापते.

वर्षभरात असे एक पॅनल नऊशे युनिटच्या आसपास देते. पाच अश्वशक्तीची मोटर आठ तास चालली की ३० ते ३५ युनिट खाते. म्हणजे एका पॅनलच्या वर्षभराच्या कमाईवर एका शेतकऱ्याची मोटर जवळजवळ महिनाभर, रोज आठ तास चालते. मला या सगळ्या विषयातले हे सर्वांत बोलके माप वाटते. दरवाज्याएवढी काच माळावर वर्षभर उन्हात पडून राहिली आणि तिने गव्हाची किंवा हरभऱ्याची बरीचशी पाणीपाळी उरकली.

आता गुणाकार. १६,००० मेगावॅट भागिले ५५० वॅट, म्हणजे २ कोटी ९० लाख पॅनल. हा आकडा मी हात राखून धरला आहे. पॅनलच्या डीसी विजेची एसी वीज करणारा इन्व्हर्टर दिवसाचा जास्त वेळ पूर्ण क्षमतेने चालावा म्हणून प्रत्यक्षात प्रकल्पवाले त्याच्या क्षमतेपेक्षा तिसरा-चौथा हिस्सा जास्तीचे पॅनल लावतात. तरी २ कोटी ९० लाखच धरूया. लांबीने एकापुढे एक ठेवले तर ६६,००० किलोमीटरची रांग होते, पृथ्वीला दीड वेढा घालून वर उरते. चाळीस फुटी कंटेनरमध्ये ६२० पॅनल मावतात, म्हणजे कंटेनर लागले जवळजवळ ४७,०००. ते एकाला एक चिकटवून उभे केले तर ५७० किलोमीटर होतात. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. आतल्या सिलिकॉनच्या चकत्या मोजल्या तर ४१७ कोटी. त्या एकावर एक रचल्या तर चळत सहाशे किलोमीटरच्या वर जाते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक चारशे किलोमीटरवरून फिरते.

बसवायचे कसे, हाही हिशेब आहे. मिनिटाला एक पॅनल या वेगाने, रात्रंदिवस न थांबता, एकच टोळी काम करत राहिली तर २ कोटी ९० लाख पॅनल बसवायला ५५ वर्षे लागतील. तीन वर्षांत उरकायचे आणि दिवसाला दहा तास काम करायचे तर राज्यभर मिळून मिनिटाला ४४ पॅनल बसली पाहिजेत, एकही सुट्टी न घेता, पावसाळ्यात शेतातला रस्ता चिखलाने बंद झाला तरी. प्रत्येक पॅनलला चार ठिकाणी आवळायचे असते. ११ कोटी ६० लाख बोल्ट. एक बोल्ट ढिला राहिला तर वळवाच्या वाऱ्यात पॅनल फडफडते, मग उचकटते आणि शेजारच्याला घेऊन पडते. म्हणून चांगल्या ठिकाणी आवळून झालेल्या बोल्टवर मार्करने रेघ ओढलेली असते. रेघ सरकलेली दिसली की बोल्ट फिरला हे लांबूनही कळते. अकरा कोटी रेघा कुणीतरी हाताने ओढायच्या आहेत.

ही पॅनल सुटी नसतात. २८-२८ ची माळ ओवलेली असते आणि एकेका माळेचा विद्युतदाब १,५०० व्होल्टच्या मर्यादेत ठेवायचा असतो. इथे एक गोष्ट सांगायला मला आवडते. सिलिकॉन थंड झाले की त्याचा दाब वाढतो. म्हणून माळेत किती पॅनल ओवायची हे मे महिन्याच्या उन्हावर ठरत नाही. ते ठरते जानेवारीतल्या सगळ्यांत गारठ्याच्या पहाटेवर. निफाडला पारा किती खाली जातो याची बातमी आपण थंडीची गंमत म्हणून वाचतो. नाशिक जिल्ह्यात प्रकल्प आखणारा अभियंता तोच आकडा कागदावर उतरवून घेतो.

उन्हाळ्यात उलटा खेळ होतो. पॅनलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी काचेखालचे सिलिकॉन ६५ अंशांवर जाते आणि दर अंशाला साधारण ०.३५ टक्का वीज गळते. चाळीस अंश म्हणजे १४ टक्के. सगळीकडे एकाच वेळी तसा उन्हाळा तापला तर १६,००० मेगावॅटमधून २,२४० मेगावॅट नुसत्या उष्णतेपायी जातील. एक आख्खी कोयना आणि वर थोडे. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, असा आपला सरळ समज असतो. पॅनलला मात्र ऊन हवे असते आणि गारवाही. माघ-फाल्गुनातला कोरडा, स्वच्छ, वारा असलेला दिवस त्याला सगळ्यांत मानवतो.

जमिनीचा आकडा यानंतर येतो, आणि वाद सगळे तिथेच आहेत. एका मेगावॅटला चार ते पाच एकर. पाचने धरले तर ८०,००० एकर, म्हणजे ३२४ चौरस किलोमीटर. आख्खा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा आहे; त्याचा अकरावा हिस्सा. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळात मात्र हा हजारातला एक वाटा. नुसत्या काचेचे क्षेत्र तर ७५ चौरस किलोमीटरच भरते. उरलेली जमीन जाते ती सावलीपायी. मकरवृत्ताकडे कललेला डिसेंबरचा सूर्य एका रांगेची सावली मागच्या रांगेवर पाडतो. माळ ओवलेली असल्यामुळे थोड्याशा सावलीनेही बऱ्याच पॅनलची वीज खुंटते, म्हणून रांगांत अंतर सोडावेच लागते.

खासगी जमीन भाड्याने घेतात ती हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपयांनी, दरवर्षी तीन टक्के वाढ देऊन. करार २५ वर्षांचा. म्हणजे एका हेक्टरमागे शेतकऱ्याच्या हाती मुदतभरात चाळीस लाखांच्या वर रक्कम येते. ज्या मुरमाड माळावर कुसळाशिवाय काही उगवत नव्हते त्याला हे मोलाचे आहे. पण बरीच जमीन सरकारी आहे आणि तिच्यात गायरानही आहे. कागदावर गायरान मोकळे दिसते. प्रत्यक्षात तिथे गावची गुरे चरतात, मेंढपाळांचे वाडे पडतात, भूमिहीन कुटुंबे वर्षानुवर्षे तुकडा कसून पोट भरतात, आणि त्यांच्या नावाचा सातबारा नसतो. ग्रामपंचायतीला तीन वर्षे वर्षाला पाच लाख मिळण्याची तरतूद योजनेत आहे. ती रक्कम शाळेच्या भिंतीला किंवा पाण्याच्या टाकीला लागेल. ज्याची शेळी चरायची जागा गेली त्याला त्यातून काय, हा प्रश्न ग्रामसभेत विचारला गेला पाहिजे आणि त्याचे उत्तर पैशाच्या रूपात असले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. हजारातला एक वाटा हा राज्याचा हिशेब झाला. त्या गावात तो कुणाचा तरी पूर्ण वाटा असतो.

आता या योजनेतली जी गोष्ट मला खरोखर चकित करते तिच्याकडे येतो. ती आकाराची नसून विखुरण्याची आहे. राजस्थानात भडला इथे वाळवंटात दोन हजार मेगावॅटहून मोठे सौर उद्यान आहे, एका जागी. महाराष्ट्राने उलट वाट धरली. इथले प्रकल्प अर्ध्या मेगावॅटपासून २५ मेगावॅटपर्यंतचे, आणि तेही महावितरणच्या उपकेंद्रापासून पाच ते दहा किलोमीटरच्या आत. वीज तिथेच तयार होते, उपकेंद्रात येते, अकरा केव्हीच्या शेतीफीडरवरून डीपीवर आणि डीपीवरून विहिरीवरच्या मोटरीवर. चंद्रपूरची वीज सांगली-कोल्हापूरच्या उसाला पोचायची तर आख्खे राज्य ओलांडून यावे लागते आणि वाटेत तारा तापवत यावे लागते. ही वीज शिवार ओलांडून येते.

वैजापूर तालुक्यातले धोंदलगाव घ्या. योजनेच्या दुसऱ्या आवृत्तीतला पहिला प्रकल्प इथे २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाला. तीन मेगावॅट, तेरा एकर. तेवढ्यावर आसपासच्या दीड हजारांहून अधिक शेतकऱ्यांना दिवसाची वीज. त्या ऑक्टोबरच्या ५ तारखेला पंतप्रधानांनी वाशीमच्या कार्यक्रमात अशा पाच प्रकल्पांचे लोकार्पण केले तेव्हा पाचांची मिळून क्षमता होती १९ मेगावॅट. १९ आणि १६,००० हे आकडे शेजारी ठेवून पाहिले की पुढचे काम कसले आहे ते कळते. सरासरी पाच मेगावॅटचा एक धरला तरी तीन हजारांवर वीजकेंद्रे. तीन हजार वेळा मोजणी, तीन हजार वेळा भाडेपट्टा, कुंपण, रस्ता, उपकेंद्राची जोडणी, चौकीदार. चंद्रपूरसारखे केंद्र एकदा उभे राहिले की त्याला एक दरवाजा असतो. इथे तीन हजार दरवाजे, आणि प्रत्येकाच्या आत चोरट्यांना हवी असलेली तांब्याची केबल.

पैशाची बाजू थोडक्यात. १९७० च्या दशकात सौर घटाची किंमत वॅटला ७६ डॉलर होती. त्या भावाने आजचे एक पॅनल चाळीस हजार डॉलरच्या पुढे गेले असते. भारतात २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या निविदा आल्या त्या युनिटला सरासरी बारा रुपयांच्या. या योजनेत दर आला तीन रुपयांच्या आसपास. महावितरणला इतर मार्गांनी वीज घेऊन शेतापर्यंत पोचवायचा खर्च याहून बराच जास्त येतो, आणि तो भार आजवर सरकारी अनुदानावर आणि कारखाने-दुकानांच्या चढ्या वीजदरावर पडत आला. २,६६० कोटी युनिट आहेत. युनिटमागे एकच रुपया वाचला तरी वर्षाला २,६६० कोटी रुपये.

पण मी हा लेख पैशासाठी लिहिलेला नाही.

राज्यात शेतीपंपाची जोडणी असलेले ग्राहक ४७ लाखांहून अधिक आहेत. महावितरणच्या विजेपैकी ३० टक्क्यांच्या घरात वीज एकट्या शेतीला लागते. सगळ्यांच्या मोटरी पाच अश्वशक्तीच्या धरल्या आणि सगळ्यांनी एकाच क्षणी बटण दाबले, तर मागणी होईल १७,५०० मेगावॅट. महावितरणच्या क्षेत्रात घरे, कारखाने, शेती सगळे मिळून मागणीचा उच्चांक २५ हजार मेगावॅटच्या पुढे गेलेला आहे. एवढा शेतीचा भार दिवसाच्या इतर मागणीवर आणखी टाकायला वीज नव्हती. म्हणून पाळ्या लागल्या. थ्री फेज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. दिवसा आठ तास, ते कारखाने आणि शहरे सांभाळून; रात्री पाणी भरा, कारण रात्री शहर झोपलेले असते.

ज्याने रातची पाळी केलेली नाही त्याला तिचा अर्थ सांगणे अवघड आहे. पौष महिना, गहू पोटऱ्यात आलेला. "अण्णा, लाईट किती वाजता?" "बाराला येईल म्हणत्यात." बाराला येत नाही, दीडला येते. तोवर शेकोटी. मोटर चालू झाली की खोरे खांद्यावर टाकून गार पाण्यात पाय घालून दारे धरायची. एक वाफा भरला की दार मोडून पुढचे धरायचे, एका हातात बॅटरी. पाण्याबरोबर बिळांतून उंदीर बाहेर पडतात आणि उंदरांमागे साप. जुन्नर-शिरूरकडे उसात बिबट्या आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. तरी जावे लागते, कारण फेरी चुकली तर पुन्हा आठवडा गेला. तीनला फ्यूज उडतो. अंधारात डीपीजवळ कोण जाणार, आणि वायरमनला त्या वेळी कुठून आणायचे? कित्येक घरांत बाप मोटरीजवळ आणि आई वाफ्यांत असते. शॉक लागून, साप चावून, विहिरीत तोल जाऊन गेलेली माणसे दर तालुक्यात आहेत.

याचाही गुणाकार होतो. ४७ लाख शेतकऱ्यांनी वर्षातून पन्नास रात्री अशा काढल्या असे गृहीत धरूया. कुणाच्या कमी असतील, कुणाच्या जास्त. होतात २३ कोटी ५० लाख रात्री. रात्रीचे आठ तास धरले तर १८८ कोटी तास. वर्षांत सांगायचे तर दोन लाख चौदा हजार वर्षे. दर वर्षाला. या योजनेतला सगळ्यांत मोठा आकडा मला हाच वाटतो, आणि तो कुठल्याही फलकावर लिहिलेला नसतो. मेगावॅटचे आकडे मंत्रालयात मोजले जातात. हे तास मात्र मोजायला कुणी ठेवलेले नाहीत.

ऊन आणि शेती यांची जी गाठ इथे बसते ती फार नेटकी आहे. एरवी सौर विजेची अडचण सांगितली जाते ती साठवणीची. दिवसाच्या ७ कोटी ३० लाख युनिटपैकी अर्धी जरी रात्रीसाठी बॅटरीत भरायची म्हटली तर खर्चाने छाती दडपेल. पण पिकाला पाणी दुपारी बाराला दिले काय आणि रात्री बाराला दिले काय, मुळांना फारसा फरक पडत नाही. वीज साठवायच्या ऐवजी पाणी मातीत साठते. आषाढ-श्रावणात आभाळ भरून आले की पॅनलची वीज पार खाली येते, पण तेव्हा बहुतेक मोटरीही बंदच असतात, शेताला पावसाचे पाणी असते. रब्बीला, म्हणजे कार्तिकापासून पुढे, मोटरी जोरात आणि आभाळ निरभ्र. चैत्र-वैशाखात उसाची, फळबागांची तहान सगळ्यांत मोठी आणि ऊनही सगळ्यांत मोठे. दुष्काळी वर्षी पावसाळ्यातच मोटरी लावाव्या लागतात. पण त्या वर्षी ढगही नसतात. दुसऱ्या कुठल्या ग्राहकाची गरज सूर्याच्या वेळापत्रकाला इतकी जुळत नाही.

अडचणी उरतात त्या संध्याकाळच्या. दुपारी तीनपासून साडेसहापर्यंत या आठ कोयना हळूहळू बंद होणार, रोज, आणि त्याच वेळी घराघरांतले दिवे लागणार. शेतीचा भार त्यांच्याबरोबर उतरला तर निभावेल. पण ढगांचा एक मोठा पट्टा मराठवाड्यावरून सरकला तर शेकडो मेगावॅट काही मिनिटांत कमीजास्त होतील आणि भारप्रेषण केंद्रात बसलेल्या माणसाला ते त्याच क्षणी कोयनेच्या पाण्याने किंवा कुठल्या तरी दुसऱ्या संचाने भरून काढावे लागतील. विखुरलेपण इथेही कामी येते. ढग एकाच वेळी तीन हजार ठिकाणी सावली धरू शकत नाही.

धुण्याच्या पाण्याचे काय, असे दुष्काळी भागातले लोक विचारतात आणि ते रास्त आहे. पॅनलवर धूळ बसते, पक्ष्यांची विष्ठा पडते, उसाच्या पाचटाची काजळी येते. महिन्यातून दोनदा तरी धुवावे लागते. एका पॅनलला दोन लीटर धरले तर राज्याला वर्षाला सुमारे १३९ कोटी लीटर. टीएमसीच्या भाषेत एका टीएमसीचा विसावा हिस्सा. कोयनेत १०५ टीएमसी मावते. राज्याला हे काहीच नाही. पण पाच मेगावॅटच्या एका प्रकल्पाला एका धुण्याला १८,००० लीटर, म्हणजे दोन टँकर लागतात. माण-खटावच्या किंवा आष्टी-पाटोद्याच्या एखाद्या गावात एप्रिलमध्ये प्यायला टँकर येत असेल, तेव्हा माळावर काच धुणारे दोन टँकर लोकांना दिसणारच. कोरड्या ब्रशने पुसणारी यंत्रे मिळतात. टंचाईग्रस्त तालुक्यांत तीच सक्तीची करावीत.

शेवटचा हिशेब पंचवीस वर्षांनंतरचा आहे. २ कोटी ९० लाख पॅनल म्हणजे ८ लाख १२ हजार टन वजन, त्यात दोन-तृतीयांशाहून अधिक काच. एकेका पॅनलमध्ये पाचेक ग्रॅम चांदी धरली तर सगळ्यांत मिळून जवळपास १४५ टन चांदी आपण माळरानांवर पसरून ठेवतो आहोत. करार संपतील २०५० च्या आसपास. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी सौर पॅनलचा कचरा २०३४-३५ पर्यंत नीट साठवून ठेवायला सांगितले आहे; पण इथला खरा लोंढा त्याच्याही दीड दशकानंतर येणार. चांदी काढून घ्यायला लोक पुढे येतील, पण फुटक्या काचेसाठी आणि जमिनीत ठोकलेल्या लाखो खांबांसाठी कुणी धावत येणार नाही. आज भाडेपट्ट्यावर सह्या होत आहेत. पॅनल, खांब, पायाचे काँक्रीट आणि जमिनीखालची केबल मुदत संपल्यावर कुणी, किती दिवसांत, कुणाच्या खर्चाने काढायची आणि जमीन नांगर चालेल अशी करून द्यायची, हे त्या कागदावर स्पष्ट लिहून घ्या. त्यासाठीची अनामत रक्कम आजच बाजूला ठेवायला लावा. मेगावॅटला पाच एकर, आणि असे सोळा हजार मेगावॅट. प्रत्येक एकराचा मालक तेव्हा आजच्या मालकाचा मुलगा किंवा मुलगी असेल.